आई – नऊ दिवस बाकी

माझ्या मोबाईलमध्ये एका वेळी सहा-सात टायमर लावलेले असायचे. गिझर बारा मिनिटं, इमारतीची पाण्याची टाकी अठरा, उकडलेलं अंडं नऊ, दुपारची डुलकी पंचवीस. प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा. एक होता ‘पाहुणे’. घरी कोणी येऊन टेकलं की मी तो गुपचूप चाळीस मिनिटांवर लावायचो. त्याला फोनच्या रिंगचाच आवाज दिलेला होता. तो वाजला की मोबाईल कानाला लावून ‘हो हो, निघालोच’ म्हणत मी उठायचो, आणि बिचारे पाहुणेही चपला शोधायला लागायचे. सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये कुणाचाही मुक्काम लांबत नाही, याचा मला अभिमान होता.

सवय नोकरीतली. कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सगळी हयात गेली. लंबक, वीस आंदोलनं, स्टॉपवॉच. पोरांनी अर्धा सेकंद उशिरा बटण दाबलं तरी मला दुरून कळायचं. शिकवायचं काम प्राध्यापकांचं, चूक दाखवायचं माझं, आणि ते काम मी रोज घरीही घेऊन यायचो. बायको म्हणायची, “ह्यांच्याशी संसार म्हणजे रोजची तोंडी परीक्षा.” मी हसायचो. मला ते कौतुकच वाटायचं.

टायमरचं मला काय आवडायचं ते सांगून टाकतो. साधं घड्याळ नुसतं पुढं जात राहतं, त्याला कशाचं काही नसतं. टायमर उलटा जातो, शून्यावर येतो आणि सांगतो की संपलं, आता पुढचं तुझ्याकडे नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला असं कोणीतरी सांगणारं हवंच असतं. दिवस मोजणारं एक वेगळं ॲपही मी घेतलं होतं. त्यात गॅसची टाकी होती, निवृत्ती होती आणि आई होती.

वडील गेले त्याला पाच वर्षं झाली. आम्ही दोघं भाऊ. दादा राहाता तालुक्यात गावाकडं शेती बघतो, मी नगरात. वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगत उठल्यावर आम्ही ओसरीत बसून ठरवलं की आई एक महिना त्याच्याकडं, एक महिना माझ्याकडं. ठरवताना आई तिथंच पत्रावळ्या उचलत होती. तिला आम्ही विचारलं नाही. घरोघरी मातीच्याच चुली, असं आपण अशा वेळी म्हणतो, आणि म्हटलं की बरंही वाटतं.

गावाकडं याला बारी म्हणतात. आमची विहीर दादा आणि चुलतभाऊ अशा दोघांत आहे, तिच्यावर मोटारीच्या बाऱ्या लावलेल्या आहेत. सहा तास याचे, सहा तास त्याचे. आता दादा मोबाईलवर टायमर लावतो. वडिलांच्या वेळी विहिरीच्या काठावर गजराचं घड्याळ ठेवलेलं असायचं. शेतीची लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून तिथं एक नियम आहे. लाईट गेली की घड्याळ थांबवायचं, आली की जिथं थांबलं तिथून पुढं मोजायचं. बुडालेला वेळ कुणाच्याच बारीत धरायचा नाही. वडील आणि चुलते एकदा कुदळी घेऊन समोरासमोर उभे राहिले तेव्हा हा नियम आईनं घालून दिला होता, आणि त्यानंतर त्या विहिरीवर भांडण झालेलं नाही.

हा विहिरीचा नियम आईला लावायची अक्कल मात्र माझी.

मागच्या दिवाळीनंतर आई दादाकडं असताना तिचे गुडघे सुजले. तपासण्यांसाठी तिला सहा दिवस नगरात आणावं लागलं. ती परत गेली तेव्हा मी दादाला म्हणालो, “हे सहा दिवस तुझ्या बारीत धरायचे नाहीत बरं का. लाईट गेली तर मोटारीचा टायमर थांबवतोस ना? तसंच हे. तुझी बारी सहा दिवस पुढं.” दादा हसला. “तू लई हुशार झाला नगरला जाऊन,” म्हणाला, पण नियम विहिरीचा होता, त्याला नाही म्हणता येईना. आई मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “न्याव बराबर हाय.” मी खूश झालो. प्रयोगशाळेतही असा आनंद मला क्वचितच मिळाला असेल.

मग यंदाचा मार्च आला. आई माझ्याकडं आली ती उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठीच. डाव्यातलाही मोतीबिंदू वाढत होता, पण उजवा पिकलेला होता. तिची साखर वाढलेली निघाली, म्हणून डॉक्टरांनी तिला आधी दवाखान्यात ठेवून घेतलं. साखर खाली आणली, ऑपरेशन केलं, पाचव्या दिवशी सकाळी पट्टी सोडून घरी पाठवलं. भरती केली तेव्हा माझ्या ॲपवर तेरा दिवस बाकी होते. घरी आलो तेव्हा नऊ. मध्ये चार दिवस लाईट गेली होती. थांबवायचं बटण त्या ॲपमध्ये आहे. ते कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं. मी ते दाबलं नाही.

डॉक्टरांनी मला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. तीन बाटल्या, दिवसातून सहा वेळा, महिनाभर. एका औषधानंतर दुसरं टाकायच्या आधी पाच मिनिटं थांबायचं, नाहीतर दुसरं पहिल्याला वाहून नेतं. डोळ्याला पाणी लावायचं नाही, धूळ-धूर टाळायचा, शक्यतो प्रवास नको, चौदाव्या दिवशी दाखवायला आणा. माझ्यासारख्याला हे सांगणं म्हणजे आवडीचं पान वाढणं. मी घरी येताच ‘थेंब’ नावाचा पाच मिनिटांचा टायमर केला आणि त्याला कोंबड्याच्या आरवण्याचा आवाज दिला.

आईला तो कोंबडा फार आवडला. “भर दुपारचं आरवतंय, येडं हाय का काय,” म्हणून हसायची. थेंब टाकताना डोळ्याबरोबर तोंडही उघडायची. मग मिटल्या डोळ्यांनी दिवाणावर पडून बोटांच्या पेरांवर आपलं आपण मोजायची, आणि तिचं मोजून संपायला आणि कोंबडा आरवायला एकच गाठ पडली की तिला विलक्षण आनंद व्हायचा. माझ्या सगळ्या टायमरांत मला आज आठवावासा वाटतो तो एवढाच एक.

पट्टी सोडली त्या दिवशीचीच गोष्ट. दुपारचे थेंब झाले होते. मोबाईल दिवाणाच्या कडेला तिच्या उशाशी ठेवलेला होता. तिनं काळा चष्मा जरा वर केला आणि मोबाईल उचलून नव्या डोळ्यासमोर धरला. आई दुसरीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर लावते, आकडे तर धडधडीत वाचते.

“दिसतंय रं मला,” ती म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “आकडा दिसतोय. नऊ. आन् वर लिवलंय... आ... ई. आई.” मग तिनं माझ्याकडं बघितलं. “माझं काय नऊ?”

ॲप उघडं राहिलं होतं. ‘आई – ९ दिवस बाकी’. मागं चित्र म्हणून मी समुद्रकिनाऱ्याचं घेतलेलं होतं, सुट्टी जवळ आल्यासारखं वाटावं म्हणून.

“तुझ्या औषधाचे दिवस,” मी म्हणालो.

“औशिद तर म्हैनाभर सांगितलंय की डाक्तरनी.”

तिनं मोबाईल होता तिथं ठेवला, चष्मा खाली केला आणि म्हणाली, “बरं.” वर्षानुवर्षं पडद्याआडून बघणाऱ्या बाईनं नव्या डोळ्यानं पहिल्यांदा वाचलं ते हे. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, मोबाईलला लॉक लावायला हवं.

दादाचा फोन आला तेव्हा चार दिवस उरले होते. आईच्या एका औषधाचे थेंब टाकून झाले होते, कोंबड्याची पाच मिनिटं चालू होती, ती डोळे मिटून पडली होती. दादा म्हणाला, “आरं, कांदा काढणी चालू हाय. घरात मानूस न्हाई. आठ दिस ठिऊन घे तिला, धुरुळ्यात नको आणू.”

मी म्हणालो, “दादा, बारी म्हणजे बारी. काढणी काय दरवर्षीच असते.”

तो म्हणाला, “मग दवाखान्याचं चार दिस तरी धर की. तूच म्हनला हुता न्हवं का, लाईट गेल्यासारखं.”

“दवाखान्यात रात्रंदिवस मीच बसलो होतो. ते दिवस धरायचे नाहीत म्हणजे मी काय फुकट बसलो?”

हे वाक्य माझंच आहे. मी ते स्वतःच्या आईपासून चार हातांवर, मोठ्यानं बोललो. दादा म्हणाला, “बरं. मग आन,” आणि फोन ठेवला. तेवढ्यात कोंबडा आरवला. आई म्हणाली, “वाजलं. टाक दुसरं.”

वाचणाऱ्याला वाटेल, याची काहीतरी मोठी अडचण असेल. काही नव्हती. बायकोला पुढं करायची सोय आहे, नवरे ती नेहमी वापरतात. पण ती तर म्हणत होती की राहू द्या, डॉक्टरांना दाखवून मग सोडा. आई हॉलमध्ये झोपायची. उजेड डोळ्यावर यायला नको म्हणून संध्याकाळी टीव्ही बंद असायचा, आणि क्रिकेटचे सामने सुरू झाले होते. मला माझा हॉल हवा होता. बास, एवढंच. आणि ॲपवर शून्य येणार होतं. शून्य आल्यावर काम संपतं असं मी जन्मभर मानत आलो होतो.

शून्याच्या दिवशी सकाळी मी उठलो तर आईची पिशवी भरून दाराशी ठेवलेली. तिनं स्वतःच भरली होती, चाचपत. दोन लुगडी, जपमाळ, आणि तीन बाटल्या रुमालात गुंडाळून. आम्ही एसटीनं निघालो. नगर-मनमाड रस्ता ज्यांनी एप्रिलमध्ये पाहिलाय त्यांना धुळीचं वेगळं वर्णन सांगायला नको. राहुरीपासून पुढं आमची खिडकी लागेना. मी माझा रुमाल तिच्या चष्म्यावरून बांधला आणि दर दोन तासांचे थेंब कोल्हारच्या स्टँडवर अगदी वेळेवर टाकले. मध्ये पाच मिनिटं ठेवलीही. कंडक्टर ओरडत होता तरी ठेवली. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

दादाच्या अंगणात कांद्याचा ढीग, पातीचा उग्र वास आणि वाऱ्यावर उडणारी पापुद्र्यांची टरफलं. मी वहिनींना कागदावर तक्ता काढून दिला, दादाच्या मोबाईलवर पाच मिनिटांचा टायमर कसा लावायचा ते दाखवलं. त्याचा मोबाईल जुना. त्यात टायमर एका वेळी एकच लागतो. थेंबांचा लावायचा म्हणजे मोटारीचा काढावा लागतो. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं. मी म्हणालो, “जमवा काहीतरी,” आणि तीनच्या गाडीनं परत आलो. संध्याकाळी सामना बघितला. कोण जिंकलं ते आज सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दादाचा फोन. “आईचा डोळा लाल झालाय. दुखतंय म्हनती. दिसंना म्हनती.” तो तसाच कुणाची तरी गाडी करून तिला नगरला घेऊन आला. डॉक्टरांनी बघितलं, लगेच आत घेतलं, डोळ्यात इंजेक्शनं दिली, आणखी एकदा टेबलावर घेतलं. मग बाहेर येऊन आम्हाला विचारलं, “थेंबांमध्ये अंतर ठेवत होतात? पाणी लागलं होतं का? दुखायला लागल्यावर किती दिवस थांबलात?”

आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे उभे. दादाच बोलला. मोटारीचा टायमर काढला तर चुलतभाऊ म्हणे बारीचा हिशोब चुकतो, म्हणून तो तसाच ठेवला. वहिनी कांद्यावरून जेव्हा घरात यायच्या तेव्हा तिन्ही औषधं एकापाठोपाठ टाकायच्या, कधी सहाऐवजी दोनदाच. त्यांच्या हाताला माती असायची. आई म्हणायची, “जरा दम धर गं, कोंबडं आरवूस्तवर,” आणि त्यांना वाटायचं म्हातारी भ्रमिष्ट झाली. हे सांगताना दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या, जीभ तयारच होती. पण त्यानं मला आठ दिवस मागितले होते. ते मिळाले नाहीत तेव्हा चार मागितले होते, आणि ते तर माझ्याच नियमानं द्यायचे होते.

डोळा वाचला म्हणजे जागेवर राहिला. नजर गेली. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागलं त्याच दिवशी आणलं असतं तर काहीतरी हातात होतं. मी आईला विचारलं, कधीपासून दुखत होतं? दुसऱ्या दिवसापासून, ती म्हणाली. म्हणजे चार दिवस मी टायमर थांबवला असता तर ती तेव्हा माझ्या हॉलमध्ये असती, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. मला राग आला. तिच्यावर. आपल्या चुकीचा राग माणूस जवळच्या माणसावरच काढतो.

“मग बोलली का नाहीस? मला फोन लावायला सांगायचास!”

“कांदा काढत हुते समदे,” ती म्हणाली. “आन् तुझी बारी तर सपली हुती.”

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, मला ते चांगलं जमतं. ती नियम सांगत होती.

दवाखान्यातून मी तिला माझ्याकडंच आणलं. दादाही आणायला तयार होता. आता दोघांनाही आई हवी होती, गाढवं जागी झाली होती. ॲप मी मोबाईलमधून काढून टाकलं. संध्याकाळी तिच्याजवळ बसून म्हणालो, “आई, आता मोजणं बंद. तू इथंच राहा.” बायकोनंही तेच सांगितलं. आई ऐकत होती. मग तिनं हात पुढं करून दिवाणावर माझा मोबाईल चाचपला.

“मोजायचं न्हाई म्हनतो,” ती म्हणाली, “मग मला कसं कळायचं, निघायचं कवा त्ये?”

मी म्हणालो, निघायचंच नाही. तिनं मान हलवली, पण पिशवी अजून दाराशीच ठेवते. लुगडं धुऊन वाळलं की घडी घालून त्या पिशवीत. कपाटात जागा करून दिली, बायकोनं खण रिकामा करून दाखवला, तिनं “लई झ्याक” म्हणून हात फिरवला आणि लुगडं पिशवीतच ठेवलं.

आता डाव्या डोळ्याचं. त्याच्यावर तिची सगळी भिस्त आहे, आणि तो दिवसेंदिवस भरत चाललाय. ताटातली भाकरी तिला दिसते, भाजी कुठली आहे ते चवीवरून कळतं. गेल्या पंधरवड्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साखर आटोक्यात आहे, करून घ्या, उशीर नको. त्या रविवारी मी दादाला मुद्दाम बोलावून घेतलं. आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना बसलो. मी म्हणालो, “आई, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन करू. या वेळी नीट होईल.”

तिनं मान खाली घातली. भीत असेल असं वाटून दादा म्हणाला, “भिऊ नको, आमी दोघं हावोत.”

“भ्या न्हाई रं,” आई म्हणाली. बोटांच्या पेरांवर तिचं काहीतरी चाललं होतं. “दवाखान्याचं दिस, आन् त्येच्या म्होरला थेंबाचा म्हैना. त्यो कुनाच्या बारीत धरायचा?”

“माझ्या,” मी म्हणालो.

“माझ्या धर,” दादा म्हणाला. दोघंही एकदमच बोललो.

तिनं एकदा त्याच्या आवाजाकडं तोंड केलं, एकदा माझ्या.

“दोघांच्या कसा धरता येईल?” ती समजावणीच्या सुरात म्हणाली. “मागनं भांडानं नको. आदी ठरवा दोघं बसून आन् मग मला सांगा. तवर भागतंय ह्या डोळ्यावर.”